भुईकोटातील बंदिवान आणि पहिली घटनादुरुस्ती

९ ऑगस्ट १९४२. मुंबईहून पहाटे निघालेली एक विशेष रेल्वेगाडी कडक बंदोबस्तात अहमदनगरला पोहोचली. आदल्या रात्री गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव संमत झाला होता आणि दिवस उजाडण्याच्या आतच काँग्रेसचे नेते ताब्यात घेण्यात आले होते. वाटेत चिंचवडला गांधीजींना उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसकडे नेण्यात आले. उरलेल्या नेत्यांची रवानगी नगरच्या भुईकोट किल्ल्यात झाली. निजामशाहीत उभा राहिलेला, चांदबीबीने मोगलांविरुद्ध लढवलेला आणि १८०३ मध्ये वेलस्लीने जिंकून घेतलेला हा किल्ला आता काँग्रेस कार्यकारिणीचा तुरुंग झाला. तेथे ठेवण्यात आलेल्या बारा जणांत पंडित जवाहरलाल नेहरू होते.

या बारा जणांवर कोणताही खटला भरण्यात आला नव्हता. न्यायाधीशासमोर उभे करणे नाही, आरोपपत्र नाही, शिक्षेची मुदत नाही. भारत संरक्षण नियमांच्या आधारे सरकारने त्यांना अटकेत ठेवले होते. सुरुवातीचे काही आठवडे वृत्तपत्रे आणि पत्रव्यवहार हेही बंद होते. देशात काय चालले आहे, हे देशाच्या नेत्यांनाच कळू नये अशी ती व्यवस्था होती.

त्यानंतर पावणेनऊ वर्षांनी, १२ मे १९५१ रोजी, याच बंदिवानाने स्वतंत्र भारताचा पंतप्रधान या नात्याने संसदेत एक विधेयक मांडले. ते भारतीय राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे होते. त्यात भाषणस्वातंत्र्यावर अधिक निर्बंध घालण्याची तरतूद होती आणि जमीन सुधारणेचे कायदे न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेण्याचीही. राज्यघटना लवचिक असावी, असे मानणाऱ्या नेहरूंनी ती लवचिकता स्वतःच सर्वप्रथम वापरली. त्यांच्या आयुष्याचा हा धागा नगरच्या किल्ल्यातून जातो आणि नगर जिल्ह्याच्या शेतशिवारापर्यंत पोहोचतो.

दोन निष्ठा

नेहरूंचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबादेत झाला. वडील मोतीलाल हे तेथील नामवंत वकील. जवाहरलाल यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये हॅरो आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात झाले. निसर्गविज्ञानाची पदवी घेतल्यावर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९१२ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले. वकिलीत मात्र त्यांचे मन फारसे रमले नाही.

१९२० मध्ये प्रतापगड आणि रायबरेली परिसरातील शेतकऱ्यांची गाऱ्हाणी त्यांच्यापर्यंत आली. जमीनदारांची बेदखली, बेकायदा वसुली आणि वेठबिगार यांनी गांजलेल्या अवधच्या त्या कुळांमध्ये नेहरू हिंडले. शहरी सुखवस्तू घरात वाढलेल्या या तरुणाला खेड्यातील दारिद्र्याचे दर्शन तेथे प्रथम घडले. जमीन कसणाऱ्याच्या हाती आली पाहिजे, ही त्यांची पहिली निष्ठा तेथे घडली.

दुसरी निष्ठा नागरी स्वातंत्र्याची. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्क आणि आर्थिक कार्यक्रमाच्या ठरावाला आकार देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. भाषण, मुद्रण आणि संघटना यांच्या स्वातंत्र्याबरोबरच शेतसाऱ्यात आणि खंडात कपात करण्याची मागणी त्या ठरावात होती. १९३६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन स्थापन झाली. रवींद्रनाथ टागोर तिचे मानद अध्यक्ष होते. बिनचौकशी अटक, मुद्रणबंदी, सभाबंदी यांच्याविरुद्ध आवाज उठवणे हे तिचे काम होते.

या दोन निष्ठा एकमेकींच्या आड येतील, असे त्या काळात कोणाला वाटले नसावे. परकी सत्ता दोहोंची शत्रू होती.

किल्ल्यातील बत्तीस महिने

नेहरूंचा हा नववा आणि सर्वांत प्रदीर्घ कारावास. ९ ऑगस्ट १९४२ ते १५ जून १९४५ असे १,०४१ दिवस ते बंदिवासात होते. त्यातील सुमारे ३२ महिने नगरच्या किल्ल्यात गेले. मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, पट्टाभी सीतारामय्या, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि महाराष्ट्रातील शंकरराव देव हे त्यांचे सहबंदी होते.

किल्ल्याच्या आवारातील कोरड्या जमिनीत नेहरूंनी बाग फुलवली. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी येथेच लिहून काढला. मौलाना आझाद यांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रेही याच भिंतींआड लिहिली गेली. मौलानांच्या पत्नी १९४३ मध्ये कोलकात्यात निवर्तल्या, तेव्हा त्यांना अखेरची भेटही घेता आली नाही. बिनखटल्याच्या अटकेची किंमत त्या किल्ल्यातील प्रत्येकाने आपापल्या परीने मोजली.

२८ मार्च १९४५ रोजी नेहरूंना नगरहून हलवण्यात आले. जूनमध्ये त्यांची सुटका झाली आणि पुढच्या दीड वर्षात ते घटना समितीत जाऊन बसले.

दुरुस्तीचे दार किती उघडे?

१३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव मांडला. २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला. किल्ल्यातील सहबंद्यांपैकी पटेल, आझाद, पंत, कृपलानी, पट्टाभी आणि शंकरराव देव हेही समितीचे सदस्य होते.

मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली घटना आकाराला येत असताना एक प्रश्न कळीचा होता. आज लिहिलेली घटना उद्याच्या पिढीने बदलायची असेल, तर ते किती सोपे असावे? ८ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात नेहरूंनी लवचिकतेची बाजू घेतली. घटना समिती प्रौढ मतदानाने निवडून आलेली नव्हती. उद्या खऱ्या अर्थाने लोकांनी निवडलेली संसद येईल, तिचे हात आपण बांधून ठेवू नयेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

१७ सप्टेंबर १९४९ रोजी दुरुस्तीच्या कलमावर चर्चा झाली. वऱ्हाडातील डॉ. पंजाबराव देशमुख यांनी एक वेगळी सूचना मांडली. व्यक्तीच्या हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती कधीही करता येऊ नये, असे घटनेतच लिहून ठेवावे, असा तिचा रोख होता. ती मान्य झाली नाही. हक्कांनाही दुरुस्तीपासून वेगळे कुंपण न घालता कलम ३६८ संमत झाले.

या व्यवस्थेत बदलाचे तीन मार्ग आहेत. काही गोष्टी संसदेला साध्या कायद्याने बदलता येतात. नव्या राज्यांची निर्मिती किंवा राज्यांच्या सीमा बदलणे हे त्यात मोडते. म्हणूनच १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, ते घटनादुरुस्तीने नव्हे, तर संसदेच्या पुनर्रचना कायद्याने.

दुसरा मार्ग कलम ३६८ चा. त्यात दुहेरी अट आहे. विधेयकाला प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत मिळाले पाहिजे, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोनतृतीयांश सदस्यांचा पाठिंबाही हवा.

तिसऱ्या मार्गात याखेरीज किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालये, केंद्र आणि राज्ये यांच्यातील अधिकारांची वाटणी, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व आणि खुद्द कलम ३६८ हे विषय या वर्गात येतात.

या रचनेत कागदावरची अट आणि राजकारणातील वस्तुस्थिती यांत अंतर राहते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या आणि बहुतेक राज्यांत तिचीच सरकारे आली. अशा स्थितीत दोनतृतीयांशांची भिंत फारशी उंच उरली नाही. नेहरूंच्या कारकिर्दीत घटनेत सोळा दुरुस्त्या झाल्या.

सोळा दिवसांचा वाद

पहिली दुरुस्ती मात्र त्या निवडणुकीच्याही आधी झाली आणि तेथेच वादाला तोंड फुटले.

घटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली होती. संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० रोजी न्यायालयाने ती बंदी रद्द केली. राज्याच्या सुरक्षिततेला धोका असेल तर भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालता येतो, पण नुसत्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाने नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. त्याच दिवशी दिल्लीतील ‘ऑर्गनायझर’वरील पूर्वतपासणीचा आदेशही रद्द झाला. एक पत्र डाव्या विचारांचे, दुसरे उजव्या, पण न्यायालयाचा निकष एकच होता.

मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा घटनाबाह्य ठरवला. एप्रिलमध्ये चंपकम दोराईराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास प्रांतातील महाविद्यालयीन प्रवेशांतील जातवार आरक्षण रद्द केले. जमीनदारी निर्मूलन आणि सामाजिक न्याय ही काँग्रेसची दोन आश्वासने न्यायालयात अडली होती.

नेहरूंनी यावर दुरुस्तीचा मार्ग धरला. विधेयकात तीन प्रमुख गोष्टी होत्या. मागास वर्गांसाठी विशेष तरतुदी करण्याचा अधिकार राज्यांना देणारे कलम १५ (४) आले. भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीत सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्यास चिथावणी या तीन कारणांची भर पडली. आणि जमीन कायद्यांच्या रक्षणासाठी कलम ३१-अ, ३१-ब तसेच घटनेला जोडलेले नववे परिशिष्ट आले. या परिशिष्टात ज्या कायद्याचे नाव लिहिले जाईल, तो मूलभूत हक्कांशी विसंगत असल्याच्या कारणावरून रद्द होऊ शकणार नाही, अशी ही ढाल होती.

संसदेत आणि बाहेर गदारोळ झाला. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी कडाडून विरोध केला. नगरच्या किल्ल्यात नेहरूंबरोबर राहिलेले आचार्य कृपलानीही आता टीकाकारांच्या बाजूला होते. हंगामी संसदेला, म्हणजे निवडणुकीतून न आलेल्या एकाच सभागृहाला, घटनेला हात लावण्याचा नैतिक अधिकार आहे काय, हा आक्षेपाचा गाभा होता. लवचिकता उद्याच्या निर्वाचित संसदेसाठी हवी, असे १९४८ मध्ये सांगणारे नेहरू ती संसद येण्याआधीच दुरुस्ती करीत होते, ही विसंगती विरोधकांच्या नजरेतून सुटणारी नव्हती. नेहरूंची बाजू अशी की, जमिनीच्या प्रश्नावर कुळे आणखी थांबू शकत नाहीत आणि न्यायालयीन अन्वयार्थामुळे लोकेच्छा रोखली जाऊ नये. कायदामंत्री डॉ. आंबेडकर यांनी १८ मे रोजी सभागृहात या दुरुस्तीचे कायदेशीर समर्थन केले.

विधेयक प्रवर समितीकडे गेले आणि तेथे एक महत्त्वाचा बदल झाला. भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या आधी ‘वाजवी’ हे विशेषण घालण्यात आले. मूळ घटनेतील या कलमात तो शब्द नव्हता, सरकारच्या मूळ विधेयकातही नव्हता. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे ठरवणे न्यायालयाच्या हाती आले. भाषणस्वातंत्र्याच्या बाजूने पुढे लढले गेलेले अनेक खटले याच एका शब्दाच्या आधाराने उभे राहिले. विरोधाने विधेयक अडले नाही, पण ते बदलले.

२ जून १९५१ रोजी २२८ विरुद्ध २० मतांनी विधेयक संमत झाले. १८ जूनला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांची संमती मिळाली. दुरुस्तीला आव्हान मिळाले, परंतु ५ ऑक्टोबर १९५१ रोजी शंकरीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

बिनखटल्याच्या अटकेचे काय झाले, हा प्रश्नही येथे उभा राहतो. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मूळ घटनेनेच कलम २२ मध्ये जागा दिली होती आणि त्यासाठीचा कायदा नेहरू सरकारने फेब्रुवारी १९५० मध्येच संमत करून घेतला होता. नगरच्या किल्ल्यातील बंदिवान सत्तेवर आल्यानंतरही ते हत्यार म्यान झाले नाही.

परिशिष्टातील महाराष्ट्र

नवव्या परिशिष्टात आरंभी १३ कायदे होते. त्यांतील दुसऱ्या क्रमांकावर १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, म्हणजे गावोगावी कुळकायदा म्हणून ओळखला जाणारा कायदा होता. कोकणातील खोती रद्द करणारा आणि परगणा व कुलकर्णी वतने संपवणारा असे १९५० चे दोन कायदेही त्याच यादीत होते. दिल्लीत झालेल्या दुरुस्तीचा महाराष्ट्राच्या सातबाऱ्याशी असा थेट संबंध होता.

पुढच्या दुरुस्त्यांनी नेहरूंच्या काळाचा इतिहासच नोंदवला. १९५४ च्या तिसऱ्या दुरुस्तीने अन्नधान्य, वैरण, कापूस यांच्या व्यापाराविषयीचे केंद्राचे अधिकार वाढवले. विषय केंद्र-राज्य अधिकारांचा असल्याने तिला राज्यांची संमती घ्यावी लागली. १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीने सक्तीने घेतलेल्या मालमत्तेची भरपाई पुरेशी आहे काय, हा प्रश्न न्यायालयाबाहेर नेला. १९५६ ची सातवी दुरुस्ती राज्य पुनर्रचनेची होती. त्याच सुमारास मुंबईच्या प्रश्नावर महाराष्ट्राचा रोष नेहरूंनी ओढवून घेतला. १९६२ च्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव यांचा केंद्रशासित प्रदेश म्हणून घटनेत समावेश झाला.

मे १९६१ मध्ये नेहरू पुन्हा नगर जिल्ह्यात आले, ते प्रवरानगरला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना त्यांनी पाहिला. पूर्वी या जिल्ह्यात ज्याला सरकारने कोंडून ठेवले, त्याच्याच स्वागताला आता शेतकरी जमले होते.

त्याच वर्षी महाराष्ट्राने शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा केला. हरेगाव, टिळकनगर येथील खासगी साखर कारखान्यांच्या ताब्यातील हजारो एकर शेती त्याच्या कक्षेत आली आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेली. या जमिनींत शेतकऱ्यांनी कारखान्यांना खंडाने दिलेल्या जमिनीही होत्या. त्या परत मिळवण्यासाठी खंडकऱ्यांना अनेक दशके झगडावे लागले. प्रत्यक्ष वाटपाला वेग आला तो २०१२ च्या सुमारास. ज्या कायद्याने मोठ्या कारखानदाराची जमीन सुटली, त्याच कायद्याने लहान शेतकऱ्याची जमीनही अडकली. ढाल कायद्याला मिळते, तेव्हा त्यातील न्यायाबरोबर अन्यायालाही मिळते, याचा अनुभव श्रीरामपूर-राहाता परिसराने घेतला.

अखेरचा दिवस

महाराष्ट्राचा हा कमाल धारणा कायदा नवव्या परिशिष्टात घालण्याचे काम सतराव्या घटनादुरुस्तीचे होते. एप्रिल १९६४ मध्ये हे विधेयक लोकसभेत अडखळले. बाजूने मते भरपूर होती, पण एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताची अट पुरी होऊ शकली नाही. प्रचंड बहुमताच्या पक्षालाही कलम ३६८ ने आपले अस्तित्व दाखवून दिले. विधेयक नव्याने आणण्यासाठी संसदेचे खास अधिवेशन बोलावण्यात आले.

ते अधिवेशन २७ मे १९६४ रोजी सुरू झाले. त्याच दिवशी दुपारी नेहरूंच्या निधनाची वार्ता सभागृहात सांगण्यात आली. सतरावी दुरुस्ती त्यांच्या पश्चात जूनमध्ये संमत झाली.

तिच्यावरील आव्हान सज्जनसिंग खटल्यात आले. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने ऑक्टोबर १९६४ मध्ये ती बहुमताने वैध ठरवली. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात मात्र न्यायालयाने दिशा बदलली आणि मूलभूत हक्कांना संसदेने हात लावू नये असे म्हटले. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा मताने मध्यममार्ग काढला. संसद कोणतेही कलम बदलू शकते, पण घटनेची मूळ चौकट मोडू शकत नाही. आणीबाणीत, नेहरूंच्या कन्येच्या कारकिर्दीत, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ही मर्यादा पुसण्याचा प्रयत्न केला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात तो हाणून पाडला. नववे परिशिष्ट पुढे २८४ नोंदींपर्यंत फुगले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात २४ एप्रिल १९७३ नंतर घातलेल्या कायद्यांनाही मूळ चौकटीची कसोटी लागू केली.

सहकाराच्या या जिल्ह्याला कलम ३६८ चे महत्त्व २०२१ मध्ये पुन्हा समजले. सहकारी संस्थांविषयीची ९७ वी घटनादुरुस्ती संसदेने संमत केली होती, पण निम्म्या राज्यांची संमती घेतली नव्हती. सहकार हा राज्यांचा विषय असल्याने राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरता तिचा भाग सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. संसदेतील बहुमत कितीही मोठे असले, तरी वगळलेली पायरी त्याने भरून निघत नाही.

२०२३ पर्यंत घटनेत १०६ दुरुस्त्या झाल्या. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. लष्कराच्या ताब्यातील भुईकोट किल्ल्यात नेहरूंची खोली जतन करण्यात आली आहे. त्या खोलीत राहून गेलेल्या माणसाने कुळांच्या हक्कासाठी घटना वाकवली आणि त्याच विधेयकात बोलणाऱ्याच्या स्वातंत्र्याला कात्रीही लावली. ही दोन्ही कामे त्यांनी प्रामाणिक निष्ठेने केली. परंतु सत्ताधाऱ्याची निष्ठा कितीही प्रामाणिक असली तरी तेवढ्याने नागरिकाचे रक्षण होत नाही. १९५१ मध्ये ते केले अल्पमतातील विरोधकांनी, प्रवर समितीतील चर्चेने आणि तेथे घातल्या गेलेल्या ‘वाजवी’ या एका शब्दाने.